नाणे न मागणारे टेलिफोन

पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी, काड्यापेट्यांचे छाप, अडकित्ते, दौती, घड्याळे, दिवे! माणूस काय जमवील आणि कशावर जीव टाकील याला धरबंध नाही. ज्याला हौस नाही त्याला हे सारे अडगळ वाटते. ज्याला ती आहे त्याला दुसऱ्याची अडगळ म्हणजेच घबाड वाटते. या हौशी मंडळींत जुने टेलिफोन जमवणारांची एक जमात आहे, आणि तिच्यात सार्वजनिक टेलिफोनांना मोठा मान आहे. तीन फटींतून तीन प्रकारची नाणी गिळणारा अमेरिकन डबा किंवा लंडनच्या रस्त्यावरचे लाल खोके आपण सिनेमात कितीदा तरी पाहिलेले असते. त्यांचे मोल सांगायला जाणकार लागत नाही.

परंतु याच घराण्यातले एक भावंड कायम उपेक्षित राहिले आहे. ते म्हणजे नाणे न मागणारा सार्वजनिक टेलिफोन. त्याला फट नाही, नाणी साठवायची तिजोरी नाही, उरलेले नाणे परत देणारी वाटी नाही. फट ही सार्वजनिक टेलिफोनची जन्मखूण. ती नसली की यंत्र घरातल्या किंवा कचेरीतल्या टेलिफोनसारखे दिसू लागते, आणि बाजारात त्याच भावाने विकले जाते. मग हा टेलिफोन कधी काळी हजारो लोकांच्या उपयोगी पडला की एखाद्या वकिलाच्या टेबलावर आयुष्यभर आरामात बसून राहिला, हे ओळखायचे कसे?

त्याला एक सोपी कसोटी आहे. बोलणाराचे पैसे कुठून कुठे गेले ते शोधायचे. सार्वजनिक टेलिफोनचा खर्च कुणी ना कुणी भरतोच. फटीतून जर तो वसूल होत नसेल, तर वसुलीची दुसरी काही तरी सोय जवळपास असलीच पाहिजे, आणि त्या सोयीच्या खुणा मागे उरतातच. या कसोटीने पाहिले तर बिनफटीच्या टेलिफोनांची चार घराणी पडतात. पहिल्यात शेजारी बसलेला माणूस पैसे घेतो. दुसऱ्यात कुणीच घेत नाही. तिसऱ्यात पैसे आधीच दिलेले असतात. आणि चौथ्यात ते मागाहून, पुष्कळदा दुसऱ्याच्याच बिलात, वसूल होतात.

थोरला भाऊ बिनफटीचाच

पुष्कळांची अशी समजूत असते की नाण्याचा टेलिफोन जुना आणि बिननाण्याचा अलीकडचा. वस्तुस्थिती उलट आहे. अमेरिकेत टेलिफोन सुरू झाल्यावर दोन-तीन वर्षांतच, म्हणजे १८८० च्या सुमारास, कनेक्टिकट राज्यात पैसे देऊन बोलण्याची ठाणी निघाली. तेथे यंत्रापाशी एक माणूस बसलेला असे. त्याच्या हाती पैसे द्यायचे आणि बोलायचे. पुढे त्याच राज्यातल्या हार्टफर्ड गावच्या विल्यम ग्रे नावाच्या गृहस्थाने १८८९ साली नाण्याच्या टेलिफोनचे पेटंट घेतले आणि त्याच वर्षी तिथल्या एका बँकेत पहिले यंत्र बसले. बायको आजारी असताना डॉक्टरला बोलावण्यासाठी त्याला कुणी टेलिफोन वापरू देईना, म्हणून त्याने हा शोध लावला, अशी कथा सांगतात.

त्या पहिल्या यंत्रात संभाषण झाल्यावर नाणे टाकायचे असे, आणि ते पडल्याचा आवाज ऐकून पलीकडची ऑपरेटरबाई खात्री करून घेई. थोडक्यात, फट आली ती शेजारी बसलेल्या माणसाची जागा घेण्यासाठी. त्या माणसाचा पगार वाचला एवढाच तिचा पराक्रम. म्हणून जेथे माणूस टिकला तेथे फटीची गरज पडली नाही. ही गोष्ट मनात ठेवावी, कारण आपल्या देशातल्या टेलिफोनाची सारी कथा याच बीजातून उगवलेली आहे. तिच्याकडे वळण्यापूर्वी उरलेल्या तीन घराण्यांची ओळख करून घेऊ.

पैसे कुणीच घेत नाही ते

दुसऱ्या घराण्यातले सर्वांत नामांकित यंत्र म्हणजे इंग्लंडच्या पोलिसांचे निळे खोके. रस्त्यावरच्या पोलिसाला चौकीशी बोलता यावे म्हणून अशी खोकी बसवण्याची कल्पना मूळची अमेरिकन. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी शहरात ती १८७७ साली निघाली. ग्लासगोत १८९१ साली बिडाची खोकी उभी राहिली. पण जगाच्या डोळ्यांत भरले ते लंडनच्या पोलिसांचे खोके. गिल्बर्ट मॅकेन्झी ट्रेंच यांनी त्याचा आराखडा केला आणि १९२९ पासून ते लंडनभर बसू लागले. भिंती काँक्रीटच्या, दार लाकडाचे, डोक्यावर दिवा. दिवा उघडझाप करू लागला की गस्तीवरच्या शिपायाने समजायचे, चौकीचे बोलावणे आहे.

या खोक्याच्या दारातच एक लहान झडप असे. ती ओढली की आत टेलिफोन. कुणाही नागरिकाने तो उचलावा आणि पोलिसांशी बोलावे. नाणे नाही, आणि नंबर फिरवायची तबकडीसुद्धा नाही, कारण तार जात होती ती एकाच ठिकाणी. संग्राहकांसाठी हीच खूण मोठी. तबकडी आणि फट दोन्ही नसलेले, उचलताच ठरलेल्या जागी बोलणारे यंत्र दिसले, तर ते अशा एखाद्या खास तारेवरचे असण्याचा संभव फार. पण कारखान्यांतून आणि कचेऱ्यांतूनही अशी यंत्रे असत, म्हणून झडपेची पाटी किंवा बिजागरी सोबत असेल तरच ‘पोलिसांचे’ म्हणून भाव द्यावा.

तोही जपून द्यावा. १९६३ साली ‘डॉक्टर हू’ ही मालिका बी.बी.सी.वर सुरू झाली आणि तिच्यातल्या काळयंत्राला या खोक्याचे रूप मिळाले. खरी खोकी १९७० च्या आसपास, शिपायाच्या हाती बिनतारी यंत्र आल्यावर, रस्त्यावरून उचलली गेली. मालिका मात्र चालतच राहिली. मौज अशी की या खोक्याच्या आकृतीवर हक्क कुणाचा, यावरून पोलीस आणि बी.बी.सी. यांच्यात वाद झाला, आणि २००२ साली निकाल बी.बी.सी.च्या बाजूने लागला! या लोकप्रियतेमुळे झडपेच्या पाट्यांच्या नकला ढिगांनी निघतात. खऱ्या पाटीच्या भोकांभोवती स्क्रूचा घासा असतो आणि पाठीमागे पावसापाण्याचा गंज असतो. नकलेचा चेहरा म्हातारा असतो, पण पाठ तरुण असते.

याच घराण्यात इंग्लंडच्या ऑटोमोबाइल असोसिएशनची काळी-पिवळी खोकी मोडतात. १९१२ च्या सुमारास ती प्रथम रस्त्यावरच्या गस्तवाल्याच्या आसऱ्यासाठी उभी राहिली. पुढे त्यांत टेलिफोन आले आणि सभासदांना त्यांची किल्ली मिळू लागली. वर्गणी भरली म्हणजे किल्ली, आणि किल्ली म्हणजे टेलिफोन. २००२ साली यांतले टेलिफोन बंद झाले. काही खोकी आता संरक्षित वास्तू म्हणून रस्त्याकडेला उभी आहेत. खोके घरी आणणे कुणाला शक्य नाही, पण ती किल्ली मात्र खिशात मावते. हौशी माणसाने आरंभ अशाच वस्तूपासून करावा.

आधी पैसे, मग बोलणे

तिसऱ्या घराण्याचा पूर्वज इटलीत सापडतो. तेथे टेलिफोनात नाणे न टाकता ‘जेत्तोने’ नावाचा खास बिल्ला टाकायचा असे. एका बाजूला एक खोबण, दुसऱ्या बाजूला दोन. फट होती, पण ती नाण्याची नव्हे. त्या बिल्ल्याचे पुढे काय झाले पाहा. १९७० नंतरच्या दशकात इटलीत सुट्या पैशांची इतकी टंचाई पडली की दुकानदार मोड म्हणून बिल्लेच देऊ लागले. एक बिल्ला पन्नास लिऱ्यांचा धरला जाई, पुढे शंभराचा, आणि १९८४ पासून दोनशेचा. आपल्याकडचा वाणी सुट्याऐवजी गोळ्या हातावर ठेवतो. तेथे टेलिफोनच हातावर ठेवत! २००१ च्या अखेरीस त्यांचा व्यवहार संपला. त्यावर चार आकडे ठोकलेले असतात, त्यांतले पहिले दोन वर्षाचे आणि पुढचे दोन महिन्याचे. ७८०३ असे दिसले तर तो बिल्ला १९७८ च्या मार्चचा.

त्याच टंचाईच्या दिवसांत, १९७६ च्या सुमारास, इटलीने टेलिफोनचे कार्ड काढून पाहिले, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत कार्डाचा टेलिफोन जगभर पसरला. कारणे दोन. नाण्यांची पेटी फोडणारे चोर सगळीकडे होते, आणि पेट्या रिकाम्या करत हिंडणाऱ्या माणसांचा खर्चही होता. कार्डाच्या यंत्रात चोरण्यासारखे काहीच नसते.

या यंत्रांची ओळख कार्डावरूनच पटते, म्हणून यंत्राबरोबर त्याच्या काळातले कार्ड मिळवावे. इटलीच्या कार्डाचा एक कोपरा वापरण्यापूर्वी तोडावा लागे. कोपरा शाबूत म्हणजे कार्ड कोरे. इंग्लंडमध्ये १९८१ पासून आलेले हिरवे कार्ड स्विस बनावटीच्या पद्धतीचे होते. संभाषण चालू असता यंत्र कार्डावरची पट्टी उष्णतेने भाजत जाई, आणि किती बोलून झाले ते डागांवरून नुसत्या डोळ्यांना दिसे. जपानात १९८२ च्या डिसेंबरात आलेल्या चुंबकीय कार्डाला यंत्र बारीक भोक पाडी. भोक कुठे आहे ते पाहून शिल्लक ताडायची. फ्रान्सच्या कार्डावर सोनेरी टिकली असते. रोलां मोरेनो यांनी १९७४ साली पेटंट घेतलेल्या कल्पनेचा तो विस्तार. ५० आणि १२० एककांची ती कार्डे फ्रान्समध्ये एके काळी प्रत्येकाच्या पाकिटात होती. आज आपण बँकेचे जे कार्ड यंत्रात खुपसतो, त्यावरची टिकली याच कुळातली.

मागाहून पैसे

चौथे घराणे अस्सल अमेरिकन. तेथल्या बेल कंपनीने १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘चार्ज-ए-कॉल’ नावाची यंत्रे विमानतळांवर आणि हॉटेलांत बसवली. भिंतीत बसलेला धातूचा तक्ता, त्यावर बटणे, पोलादी वेटोळ्यांनी मढवलेली दोरी आणि सूचनांची पट्टी. फट मात्र नाही. पैसे पलीकडच्याने द्यायचे, किंवा घरच्या नंबरावर लावायचे, किंवा कंपनीचे कार्ड असेल तर त्याचा आकडा सांगायचा.

हे यंत्र कितव्या सालचे ते ठरवण्यासाठी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, बोधचिन्ह. १ जानेवारी १९८४ रोजी बेलचे महासाम्राज्य न्यायालयाच्या हुकमाने फुटले. तोपर्यंत सगळीकडे वर्तुळातली घंटा होती. फाळणीनंतर घंटा प्रांतोप्रांतीच्या कंपन्यांच्या वाट्याला गेली आणि मूळ कंपनीने रेघांचा गोल घेतला. दुसरी, बटणे. बटणांचे टेलिफोन अमेरिकेत १९६३ साली आले ते दहा बटणांचे. चांदणी आणि चौकट मिळून बारा झाली ती १९६८ च्या सुमारास. दहाच बटणे असलेले ‘चार्ज-ए-कॉल’ कुणी दाखवले, तर मुकाट्याने पुढे चालू लागावे. तिसरी, आतल्या भागांवरचे शिक्के. बेलच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कारखान्याची शिस्त अशी की रिसीव्हरपासून घंटीपर्यंत प्रत्येक भागावर तारीख असते. कधी महिना आणि वर्ष, तर कधी वर्ष आणि वर्षातला कितवा दिवस. सगळ्या तारखा एकमेकींच्या जवळपास असतील तर यंत्र एकसंध. दहा-दहा वर्षांचे अंतर असेल तर ते चार यंत्रांच्या हाडांतून उभे केलेले. मूळ कंपनीने सार्वजनिक टेलिफोनांचा धंदा २००८ च्या अखेरीस सोडला, तेव्हा ही यंत्रे मोडीत निघाली. भंगारातून वाचली ती हौशी लोकांनी वाचवली.

आपला पिवळा बूथ

आता आपल्या घरी येऊ. जगातल्या बिनफटीच्या टेलिफोनांत सर्वांत गजबजलेला टेलिफोन कोणता, असे विचारले तर उत्तर लंडनला किंवा पॅरिसला शोधायचे कारण नाही. तो आपल्या नाक्यावर होता. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत ‘एस.टी.डी., आय.एस.डी., पी.सी.ओ.’ लिहिलेली ती चार फुटांची खोली आठवा.

तिच्या आधीचे दिवस ज्यांना आठवतात ते सांगतील. परगावी बोलायचे म्हणजे तारऑफिसात जाऊन ट्रंक कॉल नोंदवायचा. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे दराचे तीन प्रकार असत. मग बाकावर बसून राहायचे. आपल्या नावाचा पुकारा झाला की आतल्या खोलीत धावायचे आणि तीन-तीन मिनिटांच्या हिशेबात मोठ्याने ओरडायचे. पैसे घेणारा माणूस तेथेही होताच, पण तो सरकारी होता आणि खिडकीपलीकडे होता. ज्यांच्याकडे तारऑफिसात जाण्याइतकाही वेळ नव्हता त्यांचा आधार शेजाऱ्याचा टेलिफोन. व्हिजिटिंग कार्डावर नंबर छापून पुढे ‘पी.पी.’ ही दोन अक्षरे टाकण्याची चाल होती. तो शेजाऱ्याचा टेलिफोनही एक प्रकारे सार्वजनिकच. त्याचे पैसे दिवाळीच्या फराळाच्या ताटातून फिटत.

ऑपरेटरवाचून थेट परगावचा नंबर फिरवण्याची सोय आपल्या देशात प्रथम १९६० साली कानपूर आणि लखनौ यांच्यामध्ये झाली. ती गावोगाव पोहोचायला मात्र आणखी पंचवीस-तीस वर्षे गेली. १९८४ साली सी-डॉट ही संस्था निघाली, सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने देशी बनावटीची लहान एक्स्चेंजे खेड्यांपर्यंत जाऊ लागली, आणि त्याच काळात सरकारने खासगी माणसाला सार्वजनिक टेलिफोन चालवायला देण्याचे धोरण धरले. यात अपंग, विधवा आणि माजी सैनिक यांना प्राधान्य होते. पायांनी अधू असलेला एखादा तरुण, ज्याला कुणी नोकरीला ठेवले नसते, तो एका टेबलाच्या आणि एका टेलिफोनच्या बळावर घर चालवू लागला.

येथे नाण्याची फट का आली नाही? एक तर परगावच्या बोलण्याचे दर असे होते की खिशातली सारी मोड ओतली तरी दिल्लीला दोन वाक्ये बोलून होत नसत. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. फट माणसाचा पगार वाचवते, आणि आपल्याला तर माणसाला काम द्यायचे होते. ग्रेच्या फटीने ज्या माणसाला उठवले, त्याला पिवळ्या बूथने पुन्हा खुर्चीवर बसवले.

आणि गिऱ्हाईक फसू नये म्हणून मध्ये एक साक्षीदार ठेवला. तोच तो मीटर. तांबड्या आकड्यांनी चमकणारी पेटी. एक्स्चेंजकडून दर ठराविक सेकंदांनी कानाला न ऐकू येणारा एक ठोका तारेवरून येई. त्याची गती सोळा किलोहर्ट्झ. अंतर जास्त तितके ठोके लवकर लवकर पडत. रात्री उशिरा पाव दर लागला की ते सावकाश पडत. म्हणून तर रात्री अकरानंतर बूथपुढे रांगा लागत, आणि गावाकडच्या म्हातारीला मुलाच्या फोनसाठी झोप आवरून जागे राहावे लागे. मीटर ठोके मोजी, रुपये दाखवी, आणि शेवटी टरटरत एक चिठ्ठी बाहेर टाकी. तीवर नंबर, वेळ, ठोके आणि रक्कम सगळे छापलेले. बोलणाऱ्याचा डोळा त्या तांबड्या आकड्यांवर आणि जीभ आईच्या तब्येतीवर, अशी कसरत लाखोंनी केलेली आहे.

या घराण्याची एक चालती-फिरती शाखाही होती. २००२ च्या डिसेंबरात ग्रामीण संचार सेवक योजना सुरू झाली, आणि खेड्यातला टपालवाला पत्रांबरोबर बिनतारी टेलिफोनही दारोदार नेऊ लागला. परंतु तोवर काळ पालटला होता. देशातले पहिले मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले होते. २००३ च्या मे महिन्यापासून मोबाइलवर आलेल्या कॉलचे पैसे पडेनासे झाले, आणि पिवळ्या पाट्या भराभर उतरू लागल्या. बूथवाल्यांनी प्रथम झेरॉक्सचे यंत्र आणले, मग मोबाइलचे रिचार्ज सुरू केले, आणि टेलिफोन कपाटात गेला.

ओळखायचे कसे?

आता हौशी वाचकाच्या उपयोगाचे चार शब्द. बूथमधला टेलिफोन स्वतः काहीच बोलत नाही. तो बहुधा काळा आयटीआयचा तबकडीवाला किंवा नंतरचा बटणांचा बीटेल असतो, आणि असाच टेलिफोन घरोघरीही होता. म्हणून एकटा टेलिफोन घेऊन ‘पी.सी.ओ.चा आहे’ यावर विश्वास ठेवू नये. मीटर, पाटी, दरपत्रक आणि चिठ्ठ्या यांच्यासह तो हाती आला तरच त्याची जात सिद्ध होते.

साल ठरवायला पाटीसारखा पुरावा नाही. पाटीवर डाक-तार विभागाचे नाव असेल तर ती १९८५ च्या आधीची, कारण त्या वर्षी टपाल आणि दूरसंचार वेगळे झाले. मुंबईच्या पाटीवर महानगर टेलिफोन निगम असेल तर ती १ एप्रिल १९८६ नंतरची. उर्वरित महाराष्ट्रात भारत संचार निगम दिसले की ती १ ऑक्टोबर २००० नंतरची. शहराचे नाव ‘बॉम्बे’ असे असेल तर बहुधा १९९५ पूर्वीची. मुंबईचा नंबर सात आकडी असेल तर पाटी २००२ च्या सुमाराच्या आधी रंगवलेली, कारण त्या वेळी सगळ्या नंबरांच्या मागे दोनाचा आकडा लागून ते आठ आकडी झाले. सहा आकडी नंबर मिळाला तर ती त्याहून जुनी, आणि आपले नशीब थोर. मात्र एक ध्यानात ठेवावे. पाटी रंगवल्याचे साल म्हणजे टेलिफोन बसवल्याचे साल नव्हे. काटकसरी मालक जुन्या पाटीवर नवा आकडा तेवढा रंगवून घेत. त्या आकड्याचा रंग बाकीच्या अक्षरांहून ताजा दिसतो का, ते उन्हात तिरपे धरून पाहावे.

नकलांपासूनही सावध असावे. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात चकचकीत पितळेचे जे ‘ब्रिटिश अमदानीतले’ टेलिफोन मिळतात, त्यांतले पुष्कळसे आजच्या कारखान्यांत घडलेले असतात. खरा जुना टेलिफोन हातात जड लागतो. त्याची तबकडी परत येताना एकसारखा आवाज करते, आणि तळाशी कारखान्याचे नाव आणि क्रमांक असतो. दुसरी नक्कल याहून चतुर. नाण्याच्या डब्याची फट लांबी भरून बुजवायची आणि त्याला दुर्मीळ बिननाण्याचा म्हणून विकायचे! अशा वेळी आत हात घालून पाहावे. नाणे घरंगळायची नळी किंवा तिची भोके आत असतील, तर बाहेरची बुजवलेली फट काय सांगते ते समजून घ्यावे.

जपायचे कसे?

वस्तू घरी आणल्यावर पहिले काम मीटर उघडून त्यातली बॅटरी काढणे. वीज गेली तरी मोजणी बंद पडू नये म्हणून पुष्कळ मीटरांत लहान बॅटरी असे. ती वर्षानुवर्षे तशीच राहिली की पाझरते आणि आतल्या तांब्याच्या रेघा खाऊन टाकते. असे मीटर विजेला जोडून पाहण्याची घाई करू नये. आधी जाणत्या कारागिराला दाखवावे. काळ्या बॅकेलाइटला कोमट पाणी, थोडा साबण आणि मऊ फडके पुरे. थिनर किंवा स्पिरिट लावून चमक आणायला जाऊ नये. पाटीचे उडालेले पोपडे नव्याने रंगवू नयेत. उडालेला रंग हेच तिचे वय.

चिठ्ठ्यांची मात्र खरोखरच घाई आहे. त्यांतल्या काही साध्या कागदावर शाईने छापलेल्या, पण पुष्कळशा उष्णतेने काळ्या होणाऱ्या कागदावरच्या. तो कागद उजेडात आणि उन्हाळ्यात पुसट होत जातो आणि शेवटी कोरा होतो. सापडताच त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि मूळ चिठ्ठ्या अंधारात, कोरड्या जागी ठेवाव्यात. जुन्या वह्यांत गिऱ्हाइकांची नावे आणि नंबर असतात. ती दुसऱ्यांची खासगी गोष्ट आहे. वही जपावी, पण ती चार लोकांत वाचू नये.

आणि सर्वांत आधी जपायची वस्तू कपाटात मावणारी नाही. ती म्हणजे बूथवाल्याची आठवण. इंग्लंडच्या खोक्याची किल्ली शंभर वर्षांनीही आपले काम सांगू शकेल, वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या घंटीवर तिची जन्मतारीख आहे. आपल्या बूथची सारी यंत्रणा एका माणसाच्या भोवती होती. मुलाखतीचा निकाल ऐकून खोलीतच रडू लागलेल्या मुलाला पाणी त्याने दिले. अक्षर न येणाऱ्या बाईचा नंबर त्याने फिरवून दिला. दुबईहून आलेल्या फोनचा निरोप सांगायला त्याने पोराला गल्लीच्या टोकापर्यंत धावडवले. यातले काहीच मीटरने छापले नाही. यंत्राला क्रमांक होता, त्याला तोही नव्हता. आज ही माणसे साठी-सत्तरीत आहेत. ज्या गावात पिवळा बूथ होता त्या गावात तो चालवणारा कुणी तरी अजून भेटतो. त्याच्यापाशी तासभर बसावे. बूथ कोणत्या साली निघाला, अनामत किती भरली, रात्री किती वाजेपर्यंत उघडा असे, शेवटचा कॉल कुणी केला, हे विचारून त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावे, आणि तो कागद त्या टेलिफोनच्या तळाशी चिकटवून ठेवावा. असा एक टेलिफोन कागद नसलेल्या दहांच्या तोडीचा समजावा.

दिवाळीच्या साफसफाईत माळे रिकामे होतात आणि भंगारवाल्याची हातगाडी दारात येते. या वर्षी तुमच्या माळ्यावरून तांबड्या आकड्यांची एखादी धुळकट पेटी किंवा पिवळ्या पत्र्याचा एखादा तुकडा खाली आला, तर किलोच्या भावाने तो देऊन टाकण्यापूर्वी एक दिवस ओटीवर ठेवा. घरातल्या वडील माणसांना तो ओळखता येतो का पाहा. ते जे सांगू लागतील ते लिहून घ्यायला जवळ एक वही मात्र असू द्या.